हाकेआधीची ओ

संस्थेच्या तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीला लागून, वीतभर जाडीचं एक दार होतं. त्या दारामागच्या खोलीला सगळे नुसतं 'शांत खोली' म्हणत. चारी भिंतींना आणि छताला राखाडी फोमच्या हातभर लांब पाचरी बसवलेल्या. पायाखाली फरशी नव्हती. दीड पुरुष खोल खड्ड्यावर ताणलेली तारेची जाळी होती, आणि खाली तळालाही त्याच पाचरी, टोकं वर करून. आत बोललेला शब्द ओठांपासून निघाला की तिथंच संपायचा. नवा माणूस आत गेला की पाच मिनिटांत घसा खाकरत बाहेर यायचा आणि उगाचच हसायचा.

तिला मात्र त्या खोलीची सवय होती. सहा वर्षं ती इथं सोनार नावाच्या यंत्रावर काम करत होती. पाण्यात आवाज सोडायचा, परत येणारा पडसाद ऐकायचा आणि पाण्याखाली काय आहे ते ओळखायचं. खोल समुद्रात हे त्या मानाने सोपं. बंदराच्या उथळ, गढूळ पाण्यात मात्र गाळ, धक्क्याच्या भिंती, साखळ्या, बोटींचे तळ असे शंभर पडसाद एकदम अंगावर येतात आणि यंत्र बावचळतं. वटवाघूळ बावचळत नाही. दाट झुडपात, पानापानावरून उलटून येणाऱ्या आवाजांच्या गलक्यातून ते एक पतंग नेमका उचलतं. हे त्याला कसं जमतं, तेवढं तिला यंत्राला शिकवायचं होतं.

म्हणून शांत खोलीत सहा पाकोळ्या होत्या. किडे खाणारी, अंगठ्याएवढ्या अंगाची छोटी वटवाघळं. त्यांची देखभाल करणाऱ्या प्राणिशास्त्रज्ञ बाई निवृत्तीला आल्या होत्या. साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. मावशींनी पाकोळ्यांची दिवसरात्र उलटी करून टाकली होती. रात्रभर दिवे आणि ऑफिसच्या वेळेत काळोख. "माझ्या पोरी वेळेवर कामाला येतात," त्या म्हणायच्या, "फक्त जेवणाच्या सुट्टीत उलट्या टांगून घेतात, एवढंच."

एरवी खोलीत छतापासून केसाएवढ्या बारीक तारा सोडलेल्या असत आणि पाकोळ्या एकाही तारेला न शिवता त्यांतून वळणं घेत उडत. त्या शनिवारी तारा काढल्या होत्या. रिकाम्या खोलीचं मोजमाप घ्यायचं होतं, म्हणजे कंटाळवाणं काम. मावशी बाहेरच्या टेबलाशी, अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसल्या होत्या.

"जरा इकडे ये गं," त्या म्हणाल्या. "ही तीन नंबर बघ."

तीन नंबरची पाकोळी खोलीच्या मध्यातून सरळ येत होती. उजव्या भिंतीपासून दीडेक मीटरवर ती अचानक वळली, कशाला तरी वळसा घातला आणि पुन्हा सरळ झाली. पुढच्या फेरीतही तेच. मग पाच नंबर सोडली. तिनेही तिथंच वळसा घेतला.

"तार राहिली असेल एखादी," ती म्हणाली.

"तारेला एवढा मोठा वळसा घेत नाहीत. माणसाला घेतात."

ती विजेरी घेऊन आत गेली, त्या जागी हात फिरवून आली. काही नव्हतं.

सोमवारी तिने शनिवारच्या आवाजांची मोजणी करायला घेतली. तिची रीत साधी होती. पाकोळीने काढलेला आवाज आणि मायक्रोफोनवर आलेला सगळा गलका एकावर एक ठेवायचा आणि एक दुसऱ्यावरून सरकवत न्यायचा. जिथं दोन्ही जुळतात तिथं पडसाद. जितकं सरकवावं लागलं तितका वेळ, आणि त्या वेळावरून अंतर. चार कोपऱ्यांत चार मायक्रोफोन असल्यामुळे पडसाद कुठल्या जागेवरून आला तेही कळे.

पडसाद होता. त्याच जागेवरून, प्रत्येक फेरीत. पण तो जुळायला आवाज पुढे नाही, मागे सरकवावा लागत होता. सेकंदाचे छत्तीस सहस्रांश मागे. म्हणजे पाकोळीने तोंड उघडण्याआधीच तिचा पडसाद येऊन गेला होता.

तिने कपाळाला हात लावला. घड्याळाची चूक. मायक्रोफोनची आणि कॅमेऱ्याची घड्याळं एकमेकांशी जुळत नसणार. तिने ती जुळवली. मग केबल बदलल्या. मग मायक्रोफोन. भिंतींचे पडसाद फार क्षीण यायचे, पण ते जिथं यायला हवेत तिथंच, आवाजानंतर येत होते. तो एकच पडसाद आधी येत होता. फक्त आता छत्तीस नव्हते. सोमवारी दुपारी तीस भरले. मंगळवारी सत्तावीस. बुधवारी चोवीस.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत हसले. "उणे अंतर? मग आपली बोट धक्क्याला न लागता धक्क्याच्या पोटात घुसेल. बघा बाई, पुढच्या गुरुवारी बंदरात चाचणी आहे. माझी लाज राखा."

तिने आलेखाच्या कागदावर टिंबं मांडली आणि पट्टी ठेवली. रोज तीन, न चुकता तीन. रेघ खाली खाली जात पुढच्या गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला शून्याला टेकत होती. गुरुवारी ती बंदरावर असणार होती. हे लक्षात आल्यावर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

शुक्रवारी तिने आठवड्याभराचे सगळे उलटे पडसाद एकत्र करून त्यांची आकृती काढली. यंत्राने ठिपक्याठिपक्यांनी पडद्यावर काहीतरी उभं केलं. सव्वापाच फूट उंच. वर गोल, खाली रुंद, मग पुन्हा निमुळतं. मावशी तिच्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी हात लांब करून पडदा बंद केला.

"चहा घेऊ या," मावशी म्हणाल्या.

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा घड्याळजी होते. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांच्या मनगटावरची वेळ सावरली, आणि मग काचबिंदूने अकरा वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही डोळे नेले. वर्षभर ते खाटेवरून उठले नाहीत. मग एक दिवस स्वयंपाकघरातून तिला 'टॉक्' असा आवाज आला. पुन्हा 'टॉक्'. बाबा पॅसेजमध्ये उभे होते आणि जीभ टाळूला लावून आवाज काढत होते. "इथं भिंत आहे," ते म्हणाले, "आणि इथं नाही. इथं दार आहे. बरोबर?" तेव्हापासून काठी कोपऱ्यात गेली. जिना, रस्ता, वाण्याचं दुकान, सगळीकडे बाबा टॉक् टॉक् करत फिरत. ती वटवाघळांकडे वळली ती खरं तर त्यांच्यामुळेच. लग्न, परदेशातली नोकरी, सगळं या ना त्या कारणाने राहून गेलं. त्यांना एकटं टाकून जायचं तिच्या मनात कधी आलं नाही.

शनिवारी जेवताना तिने त्यांना सांगितलं. बाबांनी घास हातातच ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या यंत्राचं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "पण कानांचं कळतं. उद्या सुट्टी आहे ना? ने मला."

रविवारी सकाळी अकराला पहारेकऱ्याने त्यांना दार उघडून दिलं. मावशींनी पाकोळ्या आधीच पिंजऱ्यात ठेवल्या होत्या. शांत खोलीत पाऊल टाकताच बाबांनी तिचं मनगट घट्ट धरलं. त्यांनी टॉक् केलं. पुन्हा केलं. मान इकडे तिकडे वळवली. अकरा वर्षांत तिने त्यांच्या चेहऱ्यावर अशी भीती पाहिली नव्हती.

"कुठं आणलंस गं मला? इथं काहीच नाही. भिंत नाही, जमीन नाही."

"फोम आहे बाबा, सगळा आवाज गिळतो. मी धरलंय तुम्हाला. घाबरू नका."

"सोड. सोडून बघू दे."

तिने हात सोडला आणि दाराशी, त्यांच्या पाठीमागे उभी राहिली. बाबांनी सावकाश डावीकडे टॉक् केलं. मग समोर. मग उजवीकडे वळले, आणि त्यांचा चेहरा एकदम सैलावला.

"हां. इथं आहेस होय," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "चल, जाऊ या बाहेर. धर."

"बाबा, मी मागे आहे."

त्यांचा हात तसाच राहिला.

"मागे कशी? तू समोर आहेस. डावा खांदा उतरलेला, बॅग अडकवून अडकवून. एका पायावर भार देऊन उभी आहेस. माझी मुलगी मला कळत नाही का?"

ती पुढे झाली आणि तिने मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाबांचं सगळं अंग शहारलेलं तिला तळहाताला जाणवलं. त्यांनी तोंड पुन्हा उघडलं, जीभ टाळूला लावली, आणि टॉक् न करताच तोंड मिटलं.

"आधी येतंय ते," ते कुजबुजले. "मी आवाज करायच्या आधी. हाक मारायच्या आधीच कुणी ओ द्यावी, तसं."

बाहेर आल्यावर ते खुर्चीत बसले. मावशींनी दिलेलं पाणी ते प्यायले नाहीत.

"त्या जागेवर कधी उभी राहू नकोस," ते म्हणाले. "काय आहे, का आहे, मला विचारू नकोस. शब्द दे मला."

तिने शब्द दिला. मग ती एकटीच आत गेली आणि काठीला पिवळी दोरी बांधून, जागेवर पाय न ठेवता, जाळीच्या तारेत ती दोरी अडकवून आली. आपण शिकलेल्या बाईने असं करावं याची तिला लाज वाटत होती. तरी तिने गाठ दोनदा मारली.

सोमवारी नऊ. मंगळवारी सहा. बुधवारी तीन.

गुरुवारी सकाळी साडेनवाला बंदरावरून निरोप आला. बोटीचं इंजिन बंद पडलंय, चाचणी शनिवारी. साहेब वैतागून घरी गेले. ती टेबलाशी बसली आणि स्वतःला बजावत राहिली की काहीही झालं तरी खुर्चीतून उठायचं नाही. मावशींना तिने सांगितलं की आज आत काही करू नका.

"सहाचे सहा उपाशी आहेत," मावशी म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम. किडे सोडते आणि येते. तुझी पिवळी दोरी विजेरीत दिसते मला, तिच्या जवळपासही जात नाही."

जाड दार बंद झालं. तिने कामात डोकं घातलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. सहज मान वर केली तर पडद्यावर मावशींचं तोंड दिसलं. उघडं, ताणलेलं. मावशी जिवाच्या आकांताने ओरडत होत्या आणि दाराबाहेर त्याचा टिपूसही येत नव्हता. जाळीची एक बाजू निसटली होती. मावशी खांद्यांपर्यंत खाली गेल्या होत्या आणि दोन्ही हातांनी जाळीची कड धरून लोंबकळत होत्या. खाली दीड पुरुष खोल खड्डा, पाचरींखाली काँक्रीट. मावशींची एकसष्ट वर्षांची बोटं एकेक करून सुटत होती.

ती धावली.

आत काळोख होता आणि पाकोळ्या घिरट्या घालत होत्या. विजेरीच्या उजेडात तिने पाहिलं. जाळी डावीकडून फाटत आली होती. तिथं पाय ठेवला असता तर दोघीही गेल्या असत्या. मागून हात पोचत नव्हता. मावशींच्या उजव्या अंगाला मात्र जाळी खाली लोखंडी पट्टीवर टेकलेली होती, पक्की. एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा.

तिथं पिवळी दोरी होती.

"पोरी," मावशी म्हणाल्या. एवढंच.

ती त्या जागेवर जाऊन उभी राहिली.

तिने एका पायावर भार दिला, वाकून मावशींच्या काखेत हात घातले आणि ओढलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा मावशी छातीपर्यंत वर आल्या. तिसऱ्यांदा त्या जाळीवर पालथ्या पडल्या आणि रडू लागल्या.

तेवढ्यात काहीतरी मऊ तिच्या गालावर आपटलं.

मग खांद्यावर. मग कपाळावर. पाकोळ्या तिच्यावर येऊन आदळत होत्या. चावायला नाही, चिडूनही नाही. सरळ उडत येत आणि मोकळ्या हवेतून जावं तशा तिच्यात घुसू बघत, आपटत, खाली पडत, पुन्हा उडत. एकीने पडून राहून पंख फडफडवले आणि ती निपचित झाली. तीन नंबरची होती.

"अशा कधीच आपटत नाहीत गं," मावशी हुंदके देत म्हणाल्या. "केसाएवढ्या तारेवरही आपटत नाहीत."

उघड्या दारातून दिसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

मावशींचा घोटा मोडला होता. दीड महिना प्लास्टर. दुसऱ्या दिवशी तिने गुरुवारच्या आवाजांची मोजणी केली. उलटा पडसाद नव्हता. उणे नाही, शून्य नाही, काहीच नाही. त्या जागेवरून पडसाद येतच नव्हता. पाकोळ्या सोडल्या तर त्या पिवळ्या दोरीवरून सरळ उडत गेल्या. साहेबांनी तिची पाठ थोपटली. शनिवारी बंदरात यंत्राने गढूळ पाण्यातली एक बुडालेली सायकल पहिल्या फेरीत शोधून काढली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुवारची सगळी नोंद मात्र तिने कुणाला दाखवली नाही. बारा वाजताच्या पडसादांच्या आकृतीत मावशी स्पष्ट दिसत होत्या. वर येताना, आडव्या, लोंबत्या हातांनी. त्यांना ओढणारं कुणी दिसत नव्हतं.

घरी पहिल्यांदा घडलं ते रविवारी. ती चहाचे कप घेऊन पॅसेजमधून येत होती आणि समोरून बाबा टॉक् टॉक् करत येत होते. एरवी ते चार पावलांवरूनच म्हणत, "ये, ये, तू पुढे हो." त्या दिवशी ते थांबले नाहीत. सरळ चालत आले आणि तिच्यावर आदळले. चहा दोघांच्या अंगावर सांडला.

"अगं! मला वाटलं, पॅसेज मोकळा आहे."

"माझंच लक्ष नव्हतं, बाबा."

त्यांनी तिच्या दिशेने टॉक् केलं. मग अगदी जवळून, तिच्या श्वासाची ऊब त्यांना लागेल एवढ्या जवळून, पुन्हा केलं. हात लांब करून त्यांनी तिचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, डावा खांदा. बोटं खांद्यावर थांबली.

"तू उभी राहिलीस तिथं," ते म्हणाले.

"मावशी पडत होत्या, बाबा."

त्यांनी हात मागे घेतला. तिने त्यांच्या भाजलेल्या मनगटावर मलम लावलं. झोपायला जाताना ते दारात थांबून म्हणाले, "यापुढे घरात बोलत राहा, पोरी. काहीही बोल. गप्प बसलीस की मला वाटतं, घरात मी एकटाच आहे."

तेव्हापासून ती बोलत राहायची. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, केस विंचरताना. वाचलेलं, ऐकलेलं, काहीही. घसा दुखायला लागला की टेबलावर बोटं वाजवायची. बाबा तिच्या आवाजाकडे तोंड करून बसून राहायचे. टॉक् करणं त्यांनी सोडलं, आणि कोपऱ्यातली काठी पुन्हा हातात घेतली.

महिनाभराने संस्थेची वार्षिक वैद्यकीय तपासणी आली. रक्त, वजन, डोळे, छातीचा फोटो, सगळं नेहमीसारखं. क्ष-किरणांच्या फोटोत तिच्या फासळ्या व्यवस्थित उमटल्या होत्या. तो फोटो तिने खिडकीशी धरून दोनदा पाहिला. शेवटी सोनोग्राफी होती. तरुण, बोलका डॉक्टर होता. तिच्या पोटावर गार जेली लावत त्याने विचारलं, "तुम्ही म्हणे सोनारवाल्या? म्हणजे आपण दोघं एकाच धंद्यातले."

"हो," ती म्हणाली.

त्याने पोटावर यंत्राचा मुठीएवढा भाग टेकवला. पडदा काळा होता. त्याने जरा दाबला, फिरवला, आणखी जेली घेतली. पडदा काळाच राहिला. त्याने एक बटण फिरवलं, मग दुसरं. वायर काढून पुन्हा लावली.

"एक मिनिट हं," तो म्हणाला आणि त्याने तो भाग स्वतःच्या मनगटावर ठेवला. पडद्यावर लगेच करड्या रेघा उमटल्या. कातडी, त्याखाली शिरा, त्याखाली हाडाची पांढरी कड. त्याने पुन्हा तिच्या पोटावर ठेवला. काळं. मग तिच्या मनगटावर ठेवला, आपलं मनगट त्याला लावून. पडदा मधोमध दुभागला. अर्ध्यात त्याचं हाड होतं.

 त्याने कागदाने तिच्या अंगावरची जेली पुसली, तिच्याकडे न बघता.

"मशीनमध्ये बिघाड दिसतोय," तो म्हणाला. "तुम्ही पुढच्या आठवड्यात याल का?"

"येईन," ती म्हणाली.

बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि साडीच्या निऱ्या नीट करू लागली. पुढचा नंबर एका गरोदर बाईचा होता. बाई आत गेली आणि तिच्यामागे दार लागलं. ती बाकावरच थांबून राहिली. दार पातळ होतं. आत आधी काही हलवल्याचा आवाज झाला, मग थोडा वेळ शांतता. आणि मग यंत्रातून बाळाच्या हृदयाचे ठोके येऊ लागले. भरभर, स्वच्छ, अख्ख्या पॅसेजभर ऐकू जातील एवढे मोठे.